काडतूस पुनर्भरणातील पावडर डायची जुळवणी : मापनशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना :
अमेरिकेत नेमबाजीचा छंद असणाऱ्या व्यक्ती वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून घरीच काडतुसे तयार करतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळ्याच्या निर्मितीस परवाना आवश्यक असल्याने हा छंद आपल्याकडे अपरिचित आहे. तथापि, 'वजन हवे असताना आयतन मोजणे' ही मापनशास्त्रातील मूलभूत अडचण या यंत्रात अतिशय स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत लेखात या जुळवणीमागील तत्त्वांचा विचार केला आहे.

रचना व कार्य :
प्रोग्रेसिव्ह प्रकारच्या अनेक प्रेसवर पावडर डायच्या माथ्यावर दारूचे मापक बसविलेले असते. प्रेसचा दांडा ओढला की पुंगळी वर जाते, तिचे तोंड डायमधील पोकळ नरसाळ्यास भिडते आणि त्यास वर ढकलते. या हालचालीने मापकातील पट्टी सरकते व तिच्या पोकळीत मावलेली दारू पुंगळीत पडते. त्याच वेळी नरसाळ्याच्या उतरत्या बाजूमुळे पुंगळीचे तोंड किंचित रुंदावते व त्यावर गोळी सरळ टेकविता येते. म्हणजेच डायची उंची एकाच वेळी दोन गोष्टी ठरविते : पट्टीचा पूर्ण प्रवास आणि तोंडाचे रुंदावणे. दारूचे प्रमाण मात्र पट्टीवरील स्वतंत्र स्क्रूने ठरते.

जुळवणीचे गणित :
डायचे आटे सामान्यतः ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४ असतात. त्यामुळे एका पूर्ण फेऱ्यात डाय सुमारे १.८१ मि.मी. सरकते, तर १/८ फेऱ्यात केवळ ०.२३ मि.मी. म्हणूनच डाय अल्प अल्प फिरवून दर वेळी पुंगळी तपासणे योग्य ठरते. डाय अतिशय वर राहिल्यास पट्टी पूर्ण सरकत नाही व दारू कमी पडते. ती अतिशय खाली गेल्यास तोंड प्रमाणाबाहेर पसरते व पितळ लवकर चिरते. योग्य स्थान मिळाल्यावर लॉकनट घट्ट करून पुन्हा एकदा तपासणी करावी लागते, कारण नट आवळताना डाय किंचित फिरू शकते.

आयतन आणि वजन :
पट्टी आयतन मोजते; भरण्याची कोष्टके मात्र वजन सांगतात आणि तेही ग्रेनमध्ये (१ ग्रेन = ६४.८ मिलिग्रॅम; ७००० ग्रेन = १ पौंड). दारूच्या कणांचा आकार, हॉपरमधील पातळी आणि यंत्राचा कंप यांनुसार तेवढ्याच आयतनात मावणारे वजन बदलते. यासाठी दहा मापे एकत्र तोलून दहाने भागण्याची पद्धत आहे. ०.१ ग्रेनपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर त्यामुळे सरासरी ०.०१ ग्रेनपर्यंत वाचता येते. परंतु एक माप कमी व दुसरे जास्त पडले तरी सरासरी बरोबरच दिसते. म्हणून काही मापे सुटी तोलणेही अनिवार्य आहे. सरासरीची अचूकता आणि प्रत्येक मापातील सातत्य या भिन्न बाबी आहेत.

चुकीचे परिणाम :
पूर्वीची काळी दारू पुंगळी जवळजवळ भरून टाकीत असे. १८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू सिद्ध केल्यानंतर अल्प आयतनात मोठी ऊर्जा सामावू लागली. परिणामी पिस्तुलाच्या पुष्कळशा पुंगळ्यांत दुप्पट दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही. अशा काडतुसाने शस्त्र फुटू शकते. उलट दारू पडलीच नाही, तर केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकते व पुढील बार नळी फोडू शकतो. म्हणून गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून दारूची पातळी पाहणे, ही सवय जुळवणीइतकीच महत्त्वाची मानली जाते.

निष्कर्ष :
यंत्र एकदा नीट जुळविले म्हणजे मापन निर्दोष झाले, असे नव्हे. आयतनावरून वजनाचे अनुमान करणाऱ्या कोणत्याही साधनास तराजूची वारंवार साक्ष लागते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना केवळ सरासरी काढावयास न शिकविता प्रत्येक वाचनाकडे पाहावयास शिकविणे का आवश्यक आहे, हे या लहानशा यंत्रावरून ध्यानात येते.