बेचाळीस रात्रींचा शब्दकोश



बंगळूरच्या चामराजपेट भागात, १९१५ साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू जेथे उभी आहे तेथून जवळच, नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड आहे. माझी दहा वर्षांची मुलगी शाळेत कन्नड व इंग्रजी शिकते. मराठी तिच्या वाट्याला येते ती केवळ घरच्या बोलण्यातून. आणि घरचे बोलणे ते काय? ‘जेवायला चल’, ‘दप्तर आवर’, ‘दिवा मालव’. एवढ्यावर संसार चालतो, भाषा वाढत नाही. कोकणातून आजीचा फोन आला की दोन वाक्यांनंतर मुलगी गप्प होई. माया होती, शब्द नव्हते.

प्रथम मी कचेरीतल्या माणसाला शोभेल असाच उपाय केला. रोज दहा शब्दांची यादी! ती सोमवारी पाठ होई आणि रविवारपर्यंत पुसली जाई. यादीतल्या शब्दाला ना घर असते, ना गोत. मग साने गुरुजींची ‘श्यामची आई’ काढली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात प्रकरणांच्या जागी रात्री आहेत, बेचाळीस रात्री. आम्ही रोज एक रात्र वाचू लागलो.

रीत साधी ठेवली. शब्द अडला की आधी संदर्भावरून अंदाज करायचा, मग त्याचे मूळ पाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या वाक्यात वापरायचा. ‘अळणी भाजी’ या रात्री भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे, हे कथाच सांगते. लवण म्हणजे मीठ. अलवण, त्याचे झाले अळणी. “म्हणजे सप्पे!” मुलगी उद्गारली. बेचव पदार्थाला कन्नडमध्ये सप्पे म्हणतात.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की शेजारची भाषा मराठीच्या वाटेतली धोंड नाही, पायरी आहे. श्यामची अक्का तिला परकी वाटली नाही. कन्नड घरांतही थोरली बहीण अक्काच. तूप तिकडे तुप्प होते. पत्रावळीसाठी लागणारा पळस म्हणजे इकडचा मुत्तुग. खुद्द ‘कादंबरी’ हा शब्दही दोन्ही भाषांत एकाच अर्थाने नांदतो. मात्र सावधपणा हवा. हिंदीत ‘उपन्यास’ म्हणजे कादंबरी, तर कन्नडमध्ये व्याख्यान!

अंदाज चुकला तर कोश आहेच. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले; पण कोशाची पाळी शेवटी. एका रात्री तीनच शब्द घ्यावेत. आणि मुलाचे डोळे भरून आले असता अर्थ विचारू नये. तेथे अर्थ पोहोचलेला असतो.

परवा फोनवर मुलगी म्हणाली, “आजी, आज आईची आमटी अळणी झाली होती.” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आजीने आपल्या सासूच्या अळणी आमटीची हकीकत सुरू केली, आणि अर्धा तास झाला तरी फोन माझ्या हाती आला नाही.