रुग्णालयात शस्त्र: कुटुंबाचे रक्षण की नवे संकट?

रुग्णशय्येवरील माणूस स्वतःचे रक्षण करण्यास असमर्थ असतो. त्यामुळे त्याच्या संरक्षणाची जबाबदारी आपलीच आहे, अशी भावना शेजारी बसलेल्या नातेवाईकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत लाखो नागरिक दैनंदिन व्यवहारात परवानाधारक शस्त्र जवळ बाळगतात. तेथे या भावनेतून एक प्रश्न निर्माण झाला आहे: आप्ताला भेटण्यासाठी जाणाऱ्याने आपले पिस्तूल रुग्णालयात न्यावे काय? न्यायालयीन निर्णय, उपलब्ध अभ्यास आणि प्रत्यक्ष घटना यांचा एकत्रित विचार केल्यास उत्तर बहुतांशी नकारार्थी येते.

न्यायालयातील वाद

घराबाहेरही स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगण्याचा अधिकार अमेरिकन राज्यघटनेने दिला आहे, असा निर्णय त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये दिला. मात्र काही 'संवेदनशील ठिकाणी' शस्त्रबंदी करता येईल, हे न्यायालयाने मान्य केले. अशा ठिकाणांत रुग्णालयांचा समावेश होतो की नाही, यावर तेव्हापासून वाद सुरू झाला. न्यूयॉर्क राज्याने २०२२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून आरोग्यसेवेची ठिकाणे बंदीच्या यादीत घातली. सप्टेंबर २०२४ मध्ये नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील रुग्णालयांविषयीच्या तरतुदीला दिलेली अंतरिम स्थगिती कायम ठेवली. तथापि, हा वाद सरकारने बंदी घालण्यापुरता आहे. आपल्या आवारात शस्त्र नको, असे ठरविण्याचा खासगी रुग्णालयाचा मालकी हक्क त्यामुळे संपुष्टात येत नाही.

समर्थकांचा युक्तिवाद

शस्त्र बाळगण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची भीती निराधार नाही. जुलै २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील डार्बी येथे एका रुग्णाने रुग्णालयाच्या आवारातील दवाखान्यात गोळीबार केला. त्यात एका महिला कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. तेथील मानसोपचारतज्ज्ञाने जवळच्या पिस्तुलातून प्रत्युत्तर देऊन हल्लेखोराला जखमी केले आणि पुढील हानी टळली. शस्त्रबंदीचा नियम हल्लेखोराला रोखत नाही, तो केवळ कायदा पाळणाऱ्याला निःशस्त्र करतो, असा समर्थकांचा दावा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच राज्यातील यॉर्क येथे एका बंदूकधाऱ्याने अतिदक्षता विभागातील कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. पोलिसांनी त्याला ठार केले, परंतु त्या चकमकीत एका पोलीस अधिकाऱ्यालाही प्राण गमवावे लागले.

अभ्यास काय सांगतो?

अशा घटनांच्या एकत्रित चित्रातून मात्र वेगळा निष्कर्ष निघतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील तज्ज्ञांनी २००० ते २०११ या काळात अमेरिकेतील रुग्णालयांशी संबंधित गोळीबाराच्या १५४ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. या घटनांत एकूण २३५ जण मृत्युमुखी पडले अथवा जखमी झाले. २७ टक्के घटनांमागे वैरभाव होता. २१ टक्के घटनांत आत्महत्येचा हेतू होता, तर १४ टक्के घटनांत आजारी आप्ताची वेदनांतून 'सुटका' करण्याचा. म्हणजेच सुमारे एक तृतीयांश घटनांत शस्त्र बाहेरच्या शत्रूने नव्हे, तर दुःखाने खचलेल्या माणसाने उगारले होते.

दुसरा निष्कर्ष तितकाच बोलका आहे. आपत्कालीन विभागात झालेल्या गोळीबारांपैकी २३ टक्के घटनांत हल्लेखोराने वापरलेले शस्त्र सुरक्षारक्षकाकडून हिसकावून घेतलेले होते. प्रशिक्षित रक्षकाचे पिस्तूल जेथे सुरक्षित राहत नाही, तेथे रात्रभर जागलेल्या, चिंताग्रस्त नातेवाईकाच्या पिस्तुलाची काय कथा! ऑक्टोबर २०२२ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे प्रसूतिकक्षात दोन कर्मचाऱ्यांचे प्राण घेणारा इसम आपल्या अपत्याच्या जन्मानिमित्त आलेला अभ्यागतच होता.

लोहचुंबकाचा धोका

रुग्णालयाची रचनाही शस्त्राला प्रतिकूल असते. एमआरआय यंत्रातील प्रबळ चुंबक सामान्यतः अहोरात्र कार्यरत असतो. तपासणी चालू नसतानाही त्याची ओढ कायम राहते. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे एक वकील आपल्या आईला तपासणीसाठी घेऊन गेले होते. त्यांच्या कमरेचे पिस्तूल यंत्राकडे खेचले जाऊन गोळी सुटली. ती त्यांच्या पोटात शिरली आणि काही आठवड्यांनी त्यांचा मृत्यू झाला. लखनौ येथे जून २०१७ मध्ये एका मंत्र्याच्या अंगरक्षकाचे पिस्तूल असेच यंत्राला चिकटले होते. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये प्राणवायूचे सिलिंडर खेचले गेल्याने रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाला जीव गमवावा लागला. धातूच्या वस्तूबाबतची असावधता येथे किती महाग पडते, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

याशिवाय अनेक ठिकाणी दोन खाटांमध्ये केवळ एक पडदा असतो. चुकलेली गोळी पलीकडच्या रुग्णाला लागू शकते, आणि त्या रुग्णाला उठून पळता येत नाही. गंभीर आजारात वा औषधांच्या प्रभावाखाली रुग्णाला भ्रम होतो, अशा वेळी हाताशी आलेले शस्त्र तो कोणावरही रोखू शकतो. गोळीबार सुरू झाल्यावर धावून येणाऱ्या पोलिसांना हातात पिस्तूल असलेला इसम हल्लेखोर आहे की रक्षणकर्ता, हे क्षणार्धात ओळखता येत नाही. कुटुंबाच्या रक्षणार्थ उभा राहिलेला माणूस अशा वेळी पोलिसांच्याच गोळीला बळी पडण्याची शक्यता असते.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत अधिकार नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये त्यासाठी परवाना आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उगारण्यास मनाई आहे. परवाना आहे म्हणून रुग्णालयाने शस्त्रासह प्रवेश दिलाच पाहिजे, असेही नाही.

तथापि, धोका येथेही आहे. जुलै २०२५ मध्ये पाटण्यातील एका खासगी रुग्णालयात पाच सशस्त्र इसम थेट रुग्णाच्या खोलीपर्यंत पोहोचले आणि त्यांनी त्याची हत्या केली. पॅरोलवर बाहेर आलेला हा रुग्ण शिक्षा झालेला कैदी होता. खोलीत आणखी एक पिस्तूल असणे हा यावरील उपाय ठरत नाही. हे पाच जण दारातच का अडविले गेले नाहीत, हा त्यातील खरा प्रश्न आहे. कोलकात्यातील आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती दल स्थापन केले, त्यामागेही सुरक्षा ही संस्थेची जबाबदारी आहे, हीच भूमिका होती.

नातेवाईकांनी काय करावे?

रुग्णाला कोणाकडून धोका असल्यास नातेवाईकांनी रुग्णालय प्रशासन आणि स्थानिक पोलीस ठाणे यांना तसे लेखी कळवावे. रुग्णाचा खोली क्रमांक गुप्त ठेवण्याची आणि भेटणाऱ्यांची यादी निश्चित करण्याची विनंती करावी. परवानाधारक शस्त्र घरी कुलूपबंद ठेवूनच रुग्णालयात जावे. प्रवेशपत्र, धातुशोधक यंत्र, प्रशिक्षित रक्षक आणि तातडीची सूचना देणारी घंटा या व्यवस्था करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, आणि त्यांचा आग्रह धरणे हा नातेवाईकांचा हक्क आहे. एका कुटुंबाने आणलेले पिस्तूल फार तर एका खाटेचे रक्षण करील, पण त्याचा धोका मात्र संपूर्ण कक्षाला पत्करावा लागेल.