जुना ट्रॅक्टर चालू होई तरी कसा?

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार येथे एका गॅरेजसमोर उभा असलेला जुना डिझेल ट्रॅक्टर आम्ही पाहत होतो. डॅशबोर्डवर चार भोके होती. एकात मोटारसायकलची चावी बसवलेली, दुसऱ्यात साधे बटण, उरलेली दोन रिकामी. आजोबांचा ट्रॅक्टर मूळ रूपात आणावा अशी मालकाची इच्छा होती. मिस्त्री म्हणाले, "मूळ काय होतं ते आता कोण सांगणार? सेल्फच्या दोन टोकांवर पाना टेकवला की होतोय की चालू!"

मूळ काय होते ते सांगता येते. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा : या इंजिनातले इंधन पहिल्यांदा पेट घेते कशाने?

पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनात हे काम ठिणगी करते. अशा इंजिनाच्या माथ्यावर स्पार्क प्लग असतात आणि त्यांच्याकडे जाड आवरणाच्या तारा येतात. ठिणगीसाठी लागणारा उच्च दाबाचा विद्युतप्रवाह मॅग्नेटो किंवा कॉइल पुरवते. टाकीत दोन कप्पे आणि खाली दोन बाजूंना फिरणारी तोटी दिसली, तर तो ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून इंजिन तापल्यावर रॉकेलवर चालवण्याचा, असे समजावे. अशा ट्रॅक्टरवरील चावीचे मुख्य काम ठिणगी चालू किंवा बंद करणे हे असते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे फक्त हवा दाबली जाते. सायकलच्या पंपाने जोरात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हा अनुभव सर्वांना आहे. डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सुमारे १६ ते २२ पटींनी दाबली जाते. २७ अंश सेल्सियसची हवा १६ पट दाबली आणि उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर गणिताने तिचे तापमान सुमारे ६३५ अंश होते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा आला की ते आपोआप पेटते.

मग थंडीत पहाटे ट्रॅक्टर का अडतो? कारण प्रत्यक्षात उष्णता बाहेर जातेच. तेल घट्ट झालेले असते, बॅटरी मंदावते, इंजिन हळू फिरते. त्यामुळे हवेला आपली उष्णता थंड लोखंडाला देण्यास आणि पिस्टनच्या कडेने निसटण्यास जास्त वेळ मिळतो. ज्या इंजिनांत डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटते, तेथे ही हानी अधिक असते. म्हणून त्या कप्प्यात ग्लो प्लग बसवतात. मिस्त्री त्यालाच हीटर प्लग म्हणतात.

इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचा बी-२७५ हा अशाच इंजिनाचा ट्रॅक्टर. पुढे आलेल्या ट्रॅक्टरांच्या नावातील 'डी. आय.' ही अक्षरे डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते असे सांगतात. म्हणजे बोनेटवरची दोन अक्षरेसुद्धा पुरावा ठरतात.

आता प्लग पाहू. जुन्या पद्धतीत प्रत्येक ग्लो प्लग सुमारे १.७ व्होल्टचा असे आणि चारही प्लग एकसर जोडणीत असत. चारांवर मिळून ६.८ व्होल्ट खर्च होत. १२ व्होल्टपैकी उरलेले एक रोध, तारा आणि डॅशबोर्डवरची एक छोटी तार घेत असे. ही तार लाल झाली की प्लगही तापले असे समजायचे. रिकाम्या भोकांपैकी एक तिचेच असू शकते. एकसर जोडणीत एक प्लग तुटला तरी सारा मार्ग खंडित होतो, आणि लाल न होणारी तार चालकाला ते लगेच सांगते.

प्लगला वेगवेगळी दोन टोके असतील तर जोडणी एकसर. एकच टोक असेल तर दुसरी वाट इंजिनाच्या लोखंडातून जाते आणि जोडणी समांतर. हा फरक न ओळखता १.७ व्होल्टच्या प्लगला थेट १२ व्होल्ट दिले, तर काय होईल? शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२ भागिले १.७ म्हणजे सुमारे ७, त्याचा वर्ग जवळजवळ ५०. पन्नास पट शक्तीने प्लग क्षणात जळतो.

दुसरे रिकामे भोक बहुधा 'स्टॉप'च्या ओढायच्या मुठीचे. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप इंजिनच फिरवते; त्याला विजेची गरज नसते. चावी काढली तरी ते चालूच राहते. त्याचे डिझेल तोडावे लागते, आणि ते काम ही मूठ करते.

यातच पान्याचा धोका दडलेला आहे. सेल्फची टोके पान्याने जोडली की चावी आणि न्यूट्रलचा स्विच दोन्ही टाळले जातात. ट्रॅक्टर गियरमध्ये राहिला असेल, तर सेल्फ इंजिनाबरोबर चाकेही फिरवतो. इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून ते पेट घेते आणि ट्रॅक्टर पुढे निघतो. पाना धरलेला माणूस मोठ्या चाकाच्या पुढ्यात उभा असतो. अशा प्रकारे माणसे दगावली आहेत. १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये सेल्फ मारण्यासाठी गियरचा दांडाच 'एस' या खुणेवर न्यावा लागे. त्यामुळे गियरमध्ये असताना सेल्फ फिरणेच अशक्य होते. मूळ रचनेत असे शहाणपण असते.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधून आकृती काढावी. भोकांचे व्यास, मुठीने घासलेल्या खुणा, तुटक्या तारांचे रंग टिपून ठेवावेत. बॅटरीचे कोणते टोक चेसिसला जोडले होते तेही पाहावे. अनेक जुन्या ब्रिटिश वाहनांत ते धन टोक असे. न्यूट्रलचा स्विच असेल तर तो आधी दुरुस्त करावा, रंगकाम नंतर.

जवळा बाजारच्या मिस्त्रींनी माथ्यावरचा एक प्लग पुसून दाखवला. त्याला दोन टोके होती. ते थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी लावलेले नवे प्लग म्हणून जळत होते तर!"

शिक्षकांनी वर्गात दोन छोटे दिवे आणि सेल घेऊन एकसर व समांतर जोडणी करून दाखवावी. मग विद्यार्थ्यांना गावातला एखादा जुना, बंद ट्रॅक्टर मालकाला विचारून दुरूनच पाहायला सांगावा आणि एवढेच विचारावे : याचे इंधन पेट कशाने घेत असेल, आणि हा बंद कसा करत असतील?