कोथरूडमधून उद्योग: परवाना कुठे, पैसा कुठे, दाद कुठे

नवा उद्योग सुरू करणाऱ्याला दोन प्रकारची माहिती लागते. एक धंद्याची: भांडवल, गिऱ्हाईक, किंमत, हिशेब. दुसरी कारभाराची: कोणतं काम कोणत्या कार्यालयाचं, कायद्याने आपल्याला काय मिळायला हवं, नाही मिळालं तर कुठे जायचं. पहिल्या प्रकारचे वर्ग आता पुष्कळ आहेत. दुसरी माहिती बहुतेक जण अडल्यावर एजंटाकडून विकत घेतात, आणि ती अर्धवट असते. माझं मत असं की नगरपालिकेचं आणि सरकारचं कामकाज समजून घेणं हा उद्योजकाच्या तयारीचाच भाग आहे. कोथरूडच्या रहिवाशाला हे दोन्ही शिकायची सोय पाच-सहा किलोमीटरच्या परिघात आहे.

‘स्वच्छ’ने काय केलं

याचं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्या दारात रोज सकाळी येतं. कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करत होत्या. त्या कामातून १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीने दिलेल्या ओळखपत्रांना महापालिकेने नव्वदच्या दशकातच मान्यता दिली. रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बाईकडे पालिकेने मान्य केलेला कागद असणं, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

मग २००० साली घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आले. ओला-सुका कचरा वेगळा घ्यावा, तो घरोघरी जाऊन गोळा करावा, ही जबाबदारी नियमांनी नगरपालिकांवर टाकली. ते काम या बायकांना येतच होतं. त्यांच्या संघटनेने नियम वाचले, आकडे मांडले, काही भागांत प्रयोग करून दाखवला आणि २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदवली. २००८ मध्ये पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. घरटी ठरलेलं शुल्क कचरावेचकाला मिळतं, ढकलगाडी-हातमोजे यांची सोय पालिकेने करायची, आणि संस्थेची मालकी कचरावेचकांचीच. आज तिचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत.

या गोष्टीत सरकारी कायद्याने एक काम निर्माण केलं, आणि तो कायदा वेळेवर वाचणाऱ्यांना ते मिळालं. पुण्यातल्या नव्या उद्योजकांच्या वर्गांत हे प्रकरण आवर्जून शिकवायला हवं असं मला वाटतं.

कोणतं काम कोणाचं

कोथरूडमध्ये उद्योगाची परंपरा जुनी आहे. किर्लोस्कर कमिन्सचा इंजिनांचा कारखाना इथे १९६२ पासून, आणि पौड रस्त्यावरच्या मेट्रो स्थानकाला वनाझ कारखान्याचं नाव आहे. आजचे उद्योग लहान आहेत: दोन खोल्यांतलं सॉफ्टवेअर, घरगुती पोळी-भाजी केंद्र, परदेशी जाणारा दिवाळी फराळ, शिकवण्या, डिझाइन, दुरुस्ती. त्यांचा सरकारशी संबंध कुठे कुठे येतो ते एकदा स्पष्ट करून घ्यावं.

पाणी, कचरा, मिळकतकर आणि गल्लीतला रस्ता महापालिकेकडे. त्यासाठी पहिलं दार कोथरूड-बावधन क्षेत्रीय कार्यालयाचं. राहत्या फ्लॅटमध्ये व्यवसाय सुरू केला तर मिळकतकराची आकारणी बदलू शकते. शिवाय सोसायटीच्या उपविधींचा प्रश्न येतो, म्हणून आधी विचारलेलं बरं. दुकानावर पाटी लावायची तर आकाशचिन्ह व परवाना विभाग. रस्त्यावर विक्री करायची तर २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू होतो. त्यानुसार शहरात जी समिती नेमायची, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. वीज महावितरणकडे, बस पीएमपीएमएलकडे, मेट्रो महामेट्रोकडे, पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. राज्यात ते काम अन्न व औषध प्रशासन पाहतं. नगरसेवकाकडे विजेची किंवा अन्न परवान्याची तक्रार घेऊन गेलात तर तो फार तर फोन करील.

नगरसेवकाचा अधिकार खरा दिसतो तो अंदाजपत्रकात आणि स्थायी समितीत, कारण मोठ्या निविदा तिथे मंजूर होतात. मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत पुण्याचा कारभार प्रशासकाने चालवला. एवढ्या काळात आपल्या प्रभागाचा प्रश्न सभागृहात मांडायला निवडून आलेलं माणूसच नव्हतं. लहान दुकानदारांना याची झळ रस्त्याच्या आणि पदपथाच्या कामांत बसली.

पहिल्या महिन्यातले कागद

उद्यम नोंदणी सगळ्यांत आधी करावी. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू आहे. आधार आणि पॅन पुरतात, आणि शुल्क शून्य. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं याच कामाचे पैसे घेतात, तेव्हा पत्ता नीट पाहूनच अर्ज भरावा. शॉप अॅक्टचं काम २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यानंतर खूप सोपं झालं आहे. थोडे कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी व्यवसाय सुरू केल्याची ऑनलाइन सूचना देणं पुरतं. बँकेत करंट अकाउंट उघडताना ही पावती आणि उद्यम प्रमाणपत्र उपयोगी पडतं.

‘स्टार्टअप’ म्हणून केंद्राची मान्यता ही वेगळी गोष्ट आहे. १६ जानेवारी २०१६ ला सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया योजनेत एकट्याच्या नावावरची प्रोप्रायटरी फर्म बसत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते, आणि कामात काही नवं असावं लागतं. मान्यता मिळाली की पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत मिळते. आयकरातली सूट मात्र आपोआप लागू होत नाही, तिचा अर्ज निराळा असतो. पोळी-भाजी केंद्राला या मान्यतेची गरज नाही, तिच्यामागे धावून सीएची फी वाढवू नये.

पैसा

इथे लोकांची सर्वांत जास्त गफलत होते, कारण अनुदान, कर्ज आणि गुंतवणूक यांना सरसकट ‘फंडिंग’ म्हटलं जातं.

नेहमीचा छोटा उद्योग असेल तर शिवाजीनगरचं जिल्हा उद्योग केंद्र गाठावं. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, आणि सुरुवातीला उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसत होता; सध्याची मर्यादा केंद्रातच विचारून घ्यावी. शहरी भागात खुल्या प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, तर महिलांसह विशेष प्रवर्गाला २५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. बाकीचं बँकेचं कर्जच असतं आणि ते फेडायचं असतं. केंद्राच्या मुद्रा योजनेत सुरुवातीला १० लाखांची मर्यादा होती. आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांना २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर ती २० लाखांपर्यंत वाढली.

तंत्रज्ञानावर आधारलेली नवी कल्पना असेल तर वाट इन्क्युबेटरमधून जाते. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण सरकार ते थेट देत नाही, निवडलेले इन्क्युबेटर देतात. जैवतंत्रज्ञानात केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेचं ‘बिग’ अनुदान ५० लाखांपर्यंत आहे. महिलांच्या स्टार्टअपसाठी राज्याने २०२४ मध्ये अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने योजना आणली, १ ते २५ लाखांची.

राज्याच्या स्टार्टअप सप्ताहाबद्दल मला विशेष आस्था आहे. त्यात निवडलेल्या स्टार्टअपना बक्षिसाच्या चेकऐवजी सरकारी खात्यात काम करून दाखवायची संधी मिळते, सुरुवातीला १५ लाखांपर्यंत असलेल्या कार्यादेशासह. पहिलं गिऱ्हाईक मिळणं भांडवल मिळण्याइतकंच अवघड असतं, हे ज्याने ही योजना आखली त्याला नक्की कळलेलं होतं.

शिकायला आणि विचारायला

पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. २००७ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र औषधं, रसायनं, वैद्यकीय उपकरणं अशा प्रयोगशाळा लागणाऱ्या उद्योगांसाठी देशातल्या अग्रगण्य केंद्रांपैकी एक आहे. तिथे यंत्रं वापरायला मिळतात आणि पेटंटबद्दल जाणकार सल्ला मिळतो. सॉफ्टवेअरच्या अॅपसाठी तिथे जाण्यात अर्थ नाही. अभियांत्रिकीच्या मुलांना सीओईपीतली भाऊ इन्स्टिट्यूट जवळची वाटेल.

सेनापती बापट रस्त्यावरची मराठा चेंबर १९३४ पासून काम करते आहे. निर्यात, कर, कामगार कायदे यांवरचे तिचे छोटे अभ्यासवर्ग लहान उद्योजकाच्या कामाचे असतात. तिचं ‘संपदा’ मासिकही वाचनीय आहे. याच चेंबरने ‘जनवाणी’ नावाचा नागरी प्रश्नांवरचा उपक्रम उभा केला. उद्योगांची संघटना शहराच्या कचऱ्यावर आणि अंदाजपत्रकावर काम करते, ही पुण्याची चांगली रीत आहे. उद्योजक आनंद देशपांडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं देआसरा फाउंडेशन अगदी लहान धंद्यांसाठी आहे: कोणत्या व्यवसायाला कोणते परवाने, सुरुवात कशी करायची, हे मराठीत समजावून सांगणारं.

कारभार शिकायचा तर कोथरूडमध्येच एमआयटी स्कूल ऑफ गव्हर्नमेंट २००५ पासून आहे. राजकारणात उतरणाऱ्या तरुणांसाठी पदव्युत्तर शिक्षण देणारी अशी संस्था देशात क्वचितच आढळते. बाणेर रस्त्यावरची ‘यशदा’ मुख्यतः सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते, पण माहिती अधिकारावरची तिची मराठी पुस्तिका कुणाही नागरिकाने वाचावी. आणि आकड्यांची भूक असेल तर बीएमसीसी रस्त्यावरच्या गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. १९३० साली स्थापन झालेल्या या संस्थेकडे जनगणना, अर्थसंकल्प, संयुक्त राष्ट्रांचे अहवाल यांचा मोठा साठा आहे. बाजारपेठेचा अंदाज बांधायला इतकी भरवशाची सामग्री पुण्यात दुसरीकडे सापडणं कठीण.

सोमवार, तीन ते पाच

माहितीचा अधिकार १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला आणि त्याच दिवशी पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात शाहिद रझा बर्नी यांनी देशातला पहिला अर्ज दिला, अशी नोंद आहे. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील.

पण अर्जाच्याही आधीची एक वाट आहे. २००९ मध्ये तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना फायली पाहायला देण्याची पद्धत सुरू केली. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ती राज्यभरच्या जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू झाली. महापालिकेचं काम मिळवू पाहणाऱ्या उद्योजकाने आधीच्या निविदांच्या फायली अशा सोमवारी बसून वाचाव्यात: अटी काय होत्या, दर काय लागले, कोण कशामुळे बाद झालं. टेंडर भरायचं शिकवणारा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही. सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर यांनी या पद्धतीचा पुण्यात सातत्याने पाठपुरावा केला आहे.

परवानाच अडला असेल तर हत्यार वेगळं: २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर त्याच खात्यात दोन अपिलं, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून अर्ज तोंडी न ठेवता त्याची पोच घ्यावी. पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध होत नाही.

आपलं काम अंदाजपत्रकात

पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, एका कामाला ५ लाखांची मर्यादा ठेवलेली होती. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे, ओल्या कचऱ्याची सोय अशी कामं यातून होतात. मंडईजवळच्या किंवा गल्लीतल्या पाच-सहा दुकानदारांनी मिळून एकच अर्ज दिला तर त्याचं वजन वाढतं.

सरकार किंवा मोठी कंपनी गिऱ्हाईक असेल तेव्हा

केंद्रीय खात्यांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावी, त्यातली ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून, असं धोरण आहे. उद्यम नोंदणी असेल तर अशा निविदांत अनामत रकमेतून सूट मिळते. ‘जेम’ या सरकारी बाजारावर २०१६ पासून ही खरेदी चालते.

माल दिला आणि पैसे अडकले, हे तर रोजचंच. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे आणि सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे पैसे थकवणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवताही येत नाही, म्हणून मार्च महिन्यात आपल्या बिलाची आठवण करून देणारं पत्र खरेदीदाराच्या हिशेब विभागाला जरूर पाठवावं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या संरक्षणाचा लाभ नाही. नोंदणीही व्यवहाराच्या आधीची असावी, नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात.

पैसे थकल्याची तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते. पुणे विभागाची परिषद वेगळी आहे. सोबत ऑर्डर, माल पोचल्याची सही असलेलं चलन आणि बिल जोडावं. परिषदेचा निवाडा विरुद्ध गेलेल्या खरेदीदाराला न्यायालयात आव्हान द्यायचं असेल तर आधी त्या रकमेचे ७५ टक्के भरावे लागतात.