मत्स्यपेटीतील मासे अकस्मात आजारी पडल्यास

रात्री धडधाकट असलेले मासे सकाळी पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकताना दिसतात. घरातील मंडळी घाबरून पेटीतील सर्व पाणी उपसतात, वाळू घासून धुतात, नळाचे ताजे पाणी भरतात, त्यात दुकानातून आणलेले निळे औषध ओततात. आणि दुपारपर्यंत उरलेसुरले मासेही दगावतात. नागपूरच्या प्रताप नगरासारख्या वसाहतींतून उन्हाळ्यात अशी हकीकत वारंवार कानी येते. यातील बहुतेक मासे रोगाने मेलेले नसतात, उपचाराने मेलेले असतात. म्हणून औषधाचा विचार करण्यापूर्वी निदान कसे करावे, हे प्रथम सांगणे अवश्य आहे.

पहिला प्रश्न असा विचारावा : सर्व मासे एकाच वेळी अस्वस्थ झाले, की एकामागून एक? जिवाणूंचा वा परोपजीवींचा रोग सहसा एकदोन माशांवर सुरू होतो आणि काही दिवसांत इतरांस लागतो. लहानमोठे, निरनिराळ्या जातींचे मासे काही तासांतच एकदम तळमळू लागले, तर दोष पाण्यात आहे असे धरून चालावे.

पाण्यातील दोषांपैकी नागपुरात सर्वांत आधी आठवावा तो उष्म्याचा. येथे दि. २३ मे २०१३ रोजी तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज वाढलेली असते. पाणवनस्पतीही रात्री प्राणवायू खर्च करतात, त्यामुळे पहाटेची वेळ सर्वांत कठीण. रात्री वीज जाऊन हवेचा पंप बंद पडला असल्यास आणखी कारण शोधण्याची गरज नाही.

दुसरा दोष अमोनियाचा. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच न खाल्लेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पेटी मांडल्या दिवशीच डझनभर मासे सोडणाऱ्याची पहिल्या महिन्यातच निराशा होते, ती यामुळे. वाळू व स्पंज नळाखाली घासून धुणे म्हणजे हे उपयुक्त जिवाणू स्वतःच्या हाताने नष्ट करणे होय. पेटीतून काढलेल्या पाण्यातच ते हलके खळबळून घ्यावेत. पाणी जितके अधिक अल्कधर्मी व उष्ण, तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो, हेही ध्यानात ठेवावे.

नागपूर शहराच्या पाण्याचा मोठा भाग पेंच प्रकल्पाच्या नवेगाव खैरी जलाशयातून येतो व शुद्धीकरणानंतर क्लोरीनयुक्त करून पुरविला जातो. मनुष्यास हितकर असे हे क्लोरीन माशांचे कल्ले पोळते. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवून मगच वापरावे. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा हायपो, उपयोगी पडतो.

एका कारणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. डासांसाठी गल्लीत होणारी धूरफवारणी व घरातील डासनाशक द्रव यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके असतात. कपाशीवर फवारले जाणारे सायपरमेथ्रीन याच वर्गातील असल्याने आमच्या शेतकरी वाचकांस ते परिचित आहे. ही द्रव्ये माणसांस तुलनेने सौम्य, पण माशांस अत्यंत घातक. हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलतो. म्हणून धुराच्या वेळी खिडक्या बंद कराव्यात, पेटी झाकावी व तेवढा वेळ पंप थांबवावा.

पहिल्या तासात काय करावे? खाद्य बंद करावे, दिवा मालवावा, हवेचा पुरवठा वाढवावा. पंप नसल्यास पाणी तांब्याने वरून पुनःपुन्हा ओतावे. त्यानंतर मुरवलेले व तेवढ्याच तापमानाचे पाणी घेऊन पेटीतील चौथा ते तिसरा हिस्सा बदलावा, संपूर्ण पाणी कधीही बदलू नये. उष्म्यात थंड पाण्याची बंद बाटली पेटीत तरंगत ठेवावी. बर्फ टाकू नये.

आता खऱ्या रोगांविषयी. हिवाळ्यात येथे पारा झपाट्याने उतरतो, दि. २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांवर आला होता. पाणी एकाएकी गार झाले की माशांची प्रतिकारशक्ती खालावते आणि अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. मासे वाळूवर अंग घासतात. हा ‘इक्थिऑफ्थिरियस’ नावाच्या एकपेशीय परोपजीवीचा रोग. त्वचेखाली असेपर्यंत त्यावर औषध चालत नाही. तो पक्व होऊन गळून पडतो, तळाशी त्याची असंख्य पिल्ले होतात व ती पोहत नवा मासा शोधतात. याच अवस्थेत ती मरतात. ठिपके गेले म्हणून उपचार थांबविणारा फसतो तो येथेच. पाणी हळूहळू २८ ते ३० अंशांपर्यंत तापवावे, हवा वाढवावी, आणि ठिपके नाहीसे झाल्यावरही निदान एक आठवडा उपचार चालू ठेवावा.

या रोगावर व नायट्राइटच्या बाधेवर साधे खडे मीठ उपकारक आहे. लिटरला एक ग्रॅमपासून आरंभ करावा. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी पाणी असलेल्या पेटीत ५४ लिटर पाणी मावते. वाळूची जागा वजा जाता सुमारे ५० ग्रॅम मीठ, तेही विरघळवून, दिवसभरात थोडे थोडे घालावे. मांगुरवर्गीय मासे व पाणवनस्पती यांना मीठ कमी मानवते. पर कुजणे हे बहुधा घाण पाण्याचेच लक्षण असून पाणी सुधारताच सौम्य प्रकार बरा होतो. पोट फुगून खवले उभे राहिलेला मासा क्वचितच वाचतो. त्यास त्वरित वेगळे करावे.

मेथिलीन ब्लू हे औषध वेगळ्या भांड्यातच वापरावे, कारण ते गाळणीतील उपयुक्त जिवाणूंस मारते. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची प्रथा तर सर्वथा त्याज्य आहे. कठीण पाण्यातील कॅल्शियमशी ते औषध बांधले जाऊन निष्प्रभ होते.

निदान न झाल्यास तज्ज्ञांस मासा दाखवावा. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच असून त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही शहरात आहे. रात्री मेलेला मासा सकाळी नेण्यात अर्थ नाही, त्याचे कल्ले तोवर कुजलेले असतात. आजारी पण जिवंत मासा एक तृतीयांश पाणी व दोन तृतीयांश हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न्यावा. सोबत स्वच्छ बाटलीत पेटीतील पाणी, आणि कागदावर पाणी केव्हा बदलले, नवे मासे केव्हा आणले व कोणते औषध किती घातले, याची नोंद असावी.