सुरतेसाठी नेमलेली दांपत्ये

ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी परदेशी जाणाऱ्या पुरुषाबरोबर त्याच्या पत्नीनेही जावे आणि दोघांनी मिळून एकच कार्य अंगावर घ्यावे, ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. रोमन कॅथलिक पंथात धर्मगुरूला ब्रह्मचर्य बंधनकारक असल्यामुळे त्या पंथाचे प्रसारक एकेकटे किंवा मठवासी बांधवांच्या गटाने प्रवास करीत, आणि सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात येऊन राहिलेले कॅपुचिन संन्यासी याच परंपरेतले होते. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा फादर अँब्रोज या कॅपुचिन धर्मगुरूच्या निवासाला त्यांनी धक्का लावला नाही, अशी नोंद फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच प्रवाशाने केली आहे. मराठी वाचकाला सुरतेतील पाद्री आठवतो तो बहुधा याच प्रसंगामुळे. परंतु पुढे सुरतेच्या ख्रिस्ती समाजाची घडण ज्यांच्या हातून झाली ते एकोणिसाव्या शतकातले प्रॉटेस्टंट मिशनरी होते, त्यांतले बहुतेक विवाहित होते, आणि सुरतेला निघण्यापूर्वी त्यांची जी तयारी करून घेतली जाई तिच्यात पतीला आणि पत्नीला मिळणारा वाटा फार असमान होता.

प्रॉटेस्टंट संस्थांनी दांपत्ये पाठवण्याचा आग्रह धरला त्यामागे धर्मशास्त्रापेक्षा व्यवहार अधिक होता. अविवाहित तरुण परक्या देशात एकटा राहिला तर त्याच्याविषयी प्रवाद उठतील, आजारपणात त्याची शुश्रूषा करायला कोणी नसेल आणि तो लवकर परत येईल, अशी भीती मंडळांच्या चालकांना वाटे. याहून मोठे कारण असे होते की पडदा पाळणाऱ्या किंवा सोवळेओवळे जपणाऱ्या घरांच्या अंतर्भागात परक्या पुरुषाला प्रवेशच नव्हता. तेथे जाऊ शकेल अशी बाई हवी होती, आणि ती बाई म्हणजे मिशनऱ्याची पत्नी. म्हणजे ज्या कामासाठी ती मुळात आवश्यक ठरली होती, त्याच कामाचे शिक्षण तिला द्यावे हे मात्र कोणाला सुचले नव्हते. विवाहित मिशनऱ्याला भत्ता थोडा जास्त मिळे, पण पत्नीच्या नावाने वेगळे वेतन नसे, आणि अहवालांत तिचा उल्लेख नवऱ्याच्या नावाला जोडूनच येई.

तयारीच्या अभावी काय घडू शकते याचे उदाहरण बंगालमध्ये आधीच घडले होते. १७९३ मध्ये विल्यम केरी भारतात निघाले तेव्हा त्यांची पत्नी डोरोथी हिने प्रथम साफ नकार दिला आणि ऐनवेळी, आपली बहीण बरोबर येणार या अटीवर, ती जहाजावर चढली. विवाहाच्या नोंदवहीत सहीच्या जागी खूण करणारी ही ग्रामीण इंग्लंडमधली स्त्री एका मुलाच्या मृत्यूनंतर मनाचा तोल गमावून बसली आणि १८०७ मध्ये त्याच अवस्थेत श्रीरामपूर येथे वारली. केरींच्या भाषांतरांचा गौरव करताना चरित्रकार हे पान बहुधा घाईने उलटतात, पण मिशनरी दांपत्याची कथा या पानापासूनच सुरू करायला हवी.

भारताकडे निघालेली पहिली अमेरिकन दांपत्ये पाहिली तर तयारी किती थोड्या दिवसांत उरकली जाई हे दिसते. १८१२ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली, म्हणजे हस्तारोपणाच्या विधीने त्यांना धर्मगुरू म्हणून नेमण्यात आले. त्यांच्यापैकी तिघांची लग्ने त्याच आठवड्यात लागली आणि त्याच महिन्यात सर्वांची जहाजे सुटली. तरुणांनी अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात ग्रीक, हिब्रू आणि धर्मशास्त्र यांचा अभ्यास केला होता. हॅरिएट न्यूएल या त्यांच्यापैकी एकाच्या वधूला निघताना अठरा वर्षे पूर्ण झाली होती आणि तिची तयारी म्हणजे गावच्या अकादमीतले शालेय शिक्षण, बायबलचे वाचन आणि पाळकांनी निरोपाच्या उपासनेत दिलेला उपदेश. पौर्वात्य स्त्रियांपर्यंत शुभवर्तमान पोचवणे हे तुमचे काम, असे त्या उपदेशात सांगितले गेले. ते कसे करायचे हे मात्र सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीने कलकत्त्यात राहू न दिल्यामुळे न्यूएल दांपत्य मॉरिशसला गेले, वाटेत जन्मलेले मूल दगावले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला हॅरिएटही वारली. तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले तिचे चरित्र इंग्लंड-अमेरिकेत इतके वाचले गेले की पुढच्या पिढीतल्या अनेक मुलींची मानसिक तयारी त्याच पुस्तकाने केली, आणि ती तयारी कामाची असण्यापेक्षा मरणाची अधिक होती, असे म्हणणे भाग आहे. याच तुकडीतील सॅम्युएल आणि रोक्साना नॉट हे दांपत्य अविवाहित गॉर्डन हॉल यांच्यासह १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. हॉल यांनी पुढे मुंबईतच विवाह केला.

सुरतेची कहाणी याहून थोडी आधी सुरू होते आणि तिची सुरुवात फसलेली आहे. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीने १८०४ मध्ये सुरतेसाठी दोघांना नेमले होते. त्यांच्यापैकी एक मद्रासेत स्थिरावला, तर दुसरा, पेशाने डॉक्टर, मुंबईत कंपनीच्या नोकरीत शिरला. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना कंपनीच्या प्रदेशात परवान्याने येण्याची वाट मोकळी केल्यावर १८१५ मध्ये जेम्स स्किनर आणि विल्यम फाय्वी हे दोघे खरोखरच सुरतेला आले. या सोसायटीचे बहुतेक उमेदवार इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्ट येथे डेव्हिड बोग यांच्या विद्यालयात तयार होत. तेथे धर्मशास्त्र आणि प्रवचनकला यांवर भर असे. पण गुजरातीचा एक शब्दही तेथे शिकवला जाण्याची शक्यता नव्हती, कारण शिकवणारा कोणी इंग्लंडात नव्हता. त्यामुळे खरी तयारी सुरतेत पोचल्यावर सुरू होई. स्किनर आणि फाय्वी यांनी ती इतक्या नेटाने केली की १८२१ मध्ये गुजराती नवा करार आणि १८२३ मध्ये जुना करार त्यांच्या सुरतेच्या छापखान्यातून बाहेर पडला. स्किनर यांना संपूर्ण ग्रंथ पाहायला मिळाला नाही. ते १८२१ मध्येच वारले.

सुरतेत नव्याने आलेल्या माणसापुढे भाषेचा प्रश्न मुंबईपेक्षाही गुंतागुंतीचा होता. नागर ब्राह्मणाची गुजराती, पारशाची गुजराती आणि बोहऱ्याची गुजराती यांत शब्दांचा मोठा फरक होता. कचेरीत फारसीचा दरारा अजून ओसरला नव्हता, आणि पूर्वेला डांगच्या दिशेने गेले की भिल्ल व कुकणा लोकांच्या बोली सुरू होत. अशा वेळी मुन्शी, म्हणजे पगारावर ठेवलेला देशी भाषाशिक्षक, हाच मिशनऱ्याचा खरा गुरू असे. हा मुन्शी बहुधा ख्रिस्ती नसे, ख्रिस्ती होण्याची त्याला इच्छाही नसे, आणि तरीही पुढच्या प्रत्येक प्रवचनाची भाषा त्याच्या जिभेवरून आलेली असे. मिशनच्या इतिहासग्रंथांत या शिक्षकांची नावे अगदी क्वचित सापडतात. सुरत त्या काळी वादविवादाचे शहर होते, हेही लक्षात घ्यायला हवे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ मध्ये तेथे सुधारक दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी मानवधर्म सभा या सुधारकांच्या मंडळाच्या स्थापनेत भाग घेतला. ज्याला अशा श्रोत्यांपुढे उभे राहायचे त्याला मोडकी गुजराती पुरणारी नव्हती.

मुंबईचे जॉन आणि मार्गारेट विल्सन हे दांपत्य या इतिहासात अपवाद म्हणून उठून दिसते. १८२८ मध्ये लग्न करून दोघे निघाले, १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि प्रथम कोकणात बाणकोट-हर्णै येथे जाऊन दोघांनीही मराठीचा अभ्यास केला. मार्गारेट स्कॉटलंडमध्ये चांगले शिकलेल्या होत्या. त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि त्या मराठीतून चालवल्या. १८३५ च्या आरंभी विल्सन सुरत, बडोदे आणि काठेवाड या भागांतून फिरून आले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मार्गारेट वारल्या. पुढे त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून येऊन त्याच शाळा सांभाळू लागल्या, यावरून मिशनऱ्याची पत्नी हे नुसते नाते नसून वेतनाविना चालणारे एक पद होते हे स्पष्ट होते. ते रिकामे झाले की भरावे लागे.

विल्सन यांच्या त्या प्रवासाचा आणि त्यांच्या आग्रहाचा परिणाम बेलफास्टपर्यंत पोचला. १० जुलै १८४० रोजी आयर्लंडमधील दोन प्रेस्बिटेरियन संघ एकत्र येऊन त्यांची महासभा स्थापन झाली, आणि त्याच दिवशी तिने जेम्स ग्लासगो आणि अलेक्झांडर केर या दोन विवाहित धर्मगुरूंची काठेवाडासाठी नेमणूक केली. प्रेस्बिटेरियन म्हणजे बिशपऐवजी निवडलेल्या वडीलमंडळींच्या सभेने चालणारा पंथ. अवघ्या काही आठवड्यांत सामानाची बांधाबांध करून ही दोन कुटुंबे निघाली, १८४१ मध्ये राजकोटला पोचली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केर तापाने गेले. मिशन मागे हटले नाही. आणखी माणसे आली, आणि १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडन सोसायटीने सुरतेचे ठाणेही या आयरिश मिशनकडे सोपवले.

त्यानंतर सुरतेला येणाऱ्यांच्या तयारीत हळूहळू एक शिस्त आली. उमेदवाराला प्रथम पाचारण, म्हणजे ईश्वराने आपल्याला याच कामासाठी बोलावले आहे ही जाणीव, मंडळापुढे पटवून द्यावे लागे. मग वैद्यकीय तपासणी, दीक्षा आणि पोशाख-सामानासाठी एकरकमी रक्कम. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-पाच महिने लागत, तोपर्यंत वेळ भाषेच्या पुस्तकांवर घालवावा अशी अपेक्षा असे. १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर प्रवास काही आठवड्यांवर आला आणि ती सवडही गेली. भाषेची साधने मात्र वाढली. जोसेफ व्हान सोमरेन टेलर यांचे गुजराती व्याकरण १८६७ चे. रॉबर्ट माँट्गोमेरी यांनी अंबालाल साकरलाल देसाई आणि मणिधरप्रसाद तापीप्रसाद यांच्यासह केलेला इंग्रजी-गुजराती कोश १८७७ मध्ये सुरतेच्या आयरिश मिशनच्या छापखान्यात छापला गेला. येथे निदान सहकाऱ्यांची नावे मुखपृष्ठावर आली. मराठीकडे येणाऱ्यांच्या हाती मोल्सवर्थचा कोश १८३१ पासूनच होता, त्या मानाने सुरतेच्या मिशनऱ्यांना बरीच वाट पाहावी लागली.

स्त्रियांच्या तयारीचा प्रश्न सुटू लागला तो पत्नींमुळे नव्हे, तर अविवाहित स्त्रियांमुळे. १८७० च्या दशकात आयरिश प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी स्वतंत्र संघटना उभारली आणि झनाना मिशनसाठी, म्हणजे घरोघरी जाऊन पडद्यातील स्त्रियांना शिकवण्यासाठी, गुजरातमध्ये शिक्षिका आणि पुढे डॉक्टर पाठवायला सुरुवात केली. या स्त्रिया पगारी होत्या, त्यांच्या कामाचा हिशेब होता, म्हणून त्यांचे शिक्षणही होऊ लागले. पतीबरोबर आलेली स्त्री मात्र बाळंतपणे, आजारपणे, पाहुणे आणि शाळा यांच्यात सापडेल त्या वेळी गुजराती शिकत राहिली. मुले सहा-सात वर्षांची झाली की त्यांना मायदेशी धाडायचे की नाही हा निर्णयही तिलाच पेलावा लागे, आणि त्याची तयारी कोणत्याच विद्यालयात होत नसे.

मिशनरी दांपत्यांची मुले पुढे काय करीत याचे एक ठळक उत्तर कोल्हापुरात मिळते. रॉयल आणि एलायझा वाइल्डर यांचा १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला मुलगा रॉबर्ट अमेरिकेत शिकायला गेला, आणि १८८६ मध्ये माउंट हर्मन येथील विद्यार्थी शिबिरात परदेशी मिशनसेवेच्या प्रतिज्ञेवर शंभर तरुणांनी सह्या केल्या त्यामागे त्याचीच खटपट होती. यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीने मिशनसेवेची तयारी महाविद्यालयांत आणली, आणि लग्न ठरवतानाच तरुण-तरुणी ‘आपण दोघे जायचे का’ हा प्रश्न विचारू लागली. याच वातावरणात, १८९४ मध्ये, ब्रदरन पंथाचे विल्बर आणि मेरी स्टोव्हर हे दांपत्य बर्था रायन या सहकारी स्त्रीसह भारतात आले आणि सुरतेच्या दक्षिणेला वलसाड येथे राहिले. युद्ध आणि शस्त्र यांना नकार देणारा हा शेतकऱ्यांचा छोटा पंथ होता. भारतात त्याचे यापूर्वी कोणीच नव्हते, म्हणून त्यांना अनुभवी माणसाचा सल्लाही मिळण्यासारखा नव्हता. काही वर्षांत गुजरातचा ‘छप्पनियो’ दुष्काळ, म्हणजे संवत १९५६ मधला महादुष्काळ, उभा ठाकला आणि प्रवचनासाठी तयार झालेल्या माणसांना अनाथालये चालवावी लागली. या मिशनची ठाणी पुढे व्यारा आणि अंकलेश्वर येथे गुजरातीत, तर डहाणूला मराठीत चालली. एकाच संस्थेतल्या दोन दांपत्यांना शेजारच्या ठाण्यांवर वेगवेगळ्या भाषा शिकाव्या लागत.

१९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेने मिशनऱ्यांच्या तयारीसाठी वेगळा आयोगच नेमला होता, आणि भाषा, स्थानिक धर्म व समाज यांचा पद्धतशीर अभ्यास झाला पाहिजे असा त्याचा सूर होता. म्हणजे सुरतेच्या ओसरीवर मुन्शीपुढे बसून फाय्वींना जे उमगले होते ते मंडळांच्या कागदावर यायला सुमारे शतक लागले. महाबळेश्वरला मराठी शिकणाऱ्या मिशनऱ्यांसाठी वर्ग चालू लागले, आणि तेथे पती-पत्नी एकाच बाकावर बसून परीक्षा देऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या ओसरत गेली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर सुरत परिसरातल्या अनेक मंडळ्यांचा कारभार भारतीय पाळकांकडे एका छत्राखाली आला. दांपत्य पाठवण्याची पद्धत मात्र थांबलेली नाही. तिची दिशा बदलली आहे. तमिळनाडूत उगम पावलेल्या फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडसारख्या संस्था तमिळ कुटुंबांना डांगमध्ये पाठवतात. समुद्र ओलांडावा लागत नाही, पण गुजराती, कुकणा बोली, वेगळे अन्न आणि मुलांच्या शाळेचे माध्यम हे प्रश्न तेच आहेत. धर्मांतराविषयीचा गुजरातचा २००३ चा कायदा आणि १९९८ च्या नाताळात डांगमध्ये झालेले हल्ले यांची माहितीही आता तयारीत यावी लागते. पत्नी किती शिकलेली आहे आणि ती स्वतः कोणते काम करणार आहे, हा प्रश्न या संस्थांना आरंभीच विचारावा लागतो, कारण डांगच्या खेड्यात बालवाडी किंवा औषधांची पेटी सांभाळायची ती तिलाच.