पैलवान बोलू लागला, आणि ऐकणारे झाले पंच

बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीत बसलं की दहा-पंधरा मिनिटांत माणूस खाडी ओलांडून गोराईला लागतो. मागे उंच इमारती राहतात, पुढे तिवरांची हिरवी कड आणि तिच्यावर पॅगोड्याचा सोनेरी घुमट. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही होडीतली मंडळी आपल्यासारखीच. मासळीच्या पाट्या, भाजीच्या टोपल्या आणि एकमेकांची चौकशी.

परवा अशाच एका होडीत शेजारचा तरुण कानात बोंडं घालून बसला होता आणि मधूनच गालात हसत होता. समोरच्या म्हातारबांना राहवेना.

"काय रे, एकटाच हसतोस ते?"

"बाबा, पैलवान बोलतोय. अंडरटेकर. त्याचाच कार्यक्रम आहे, दुसऱ्या पैलवानांना बोलावतो आणि मुलाखत घेतो."

"अंडरटेकर? अरे, तो तर तोंडच उघडत नव्हता! माझा धाकटा त्याची चित्रं असलेले पत्ते जमवायचा. मेलेल्यातून उठून येतो म्हणायचा."

सगळी होडी हसली. पण वाचकहो, म्हातारबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याने तीस वर्षं तोंड उघडलं नाही तो आता तासन् तास बोलतो, तर त्याचं खरं किती धरायचं? तुमच्या घरातही एखादा मुलगा किंवा नातू रात्री मोबाईल कानाला लावून हेच ऐकत असेल. तेव्हा हे प्रकरण काय आहे ते जरा बघू.

अशा कार्यक्रमाला पॉडकास्ट म्हणतात. रेडिओवरची मुलाखतच समजा, फक्त ती ठरल्या वेळी लागत नाही. मोबाईलवर हवी तेव्हा लावावी, दारं मोडताना निम्मी ऐकावी, उरलेली रात्री. अमेरिकेतल्या धंदेवाईक पैलवानांमध्ये हा पायंडा पाडणाऱ्यांत कोल्ट कबाना हा पहिल्या फळीतला. त्याने २०१० मध्ये सुरुवात केली. फार मोठा नावाजलेला मल्ल नव्हे, पण माणूस मोकळा. २०१३ मध्ये स्टीव्ह ऑस्टिन आणि ख्रिस जेरिको हे दोन बडे मल्ल या वाटेने आले आणि मग रांगच लागली.

आता तुम्ही म्हणाल, पैलवानाने गप्पा मारल्या त्यात नवल काय? नवल आहे. कारण या मंडळींचा सगळा धंदाच न बोलण्यावर उभा होता.

आपल्या जत्रेतल्या फडावर दोन मल्ल नुसतेच रेटारेटी करू लागले, की कडेला बसलेला एखादा जुना जाणकार ओरडतो, "नुरा आहे, सोडवा!" नुरा म्हणजे आधी संगनमत करून केलेली कुस्ती. अमेरिकेतली ही व्यावसायिक कुस्ती सगळीच ठरवलेली असते. कोण जिंकणार हे आधी ठरतं. मार मात्र अंगाला लागतोच, पाठी मोडतात, गुडघे जातात. पण निकाल ठरलेला आहे हे बाहेर सांगायचं नाही, असा त्यांचा कडक दंडक होता. १९८७ च्या मे महिन्यात न्यू जर्सीत पोलिसांनी एक मोटार अडवली. आत जिम डगन आणि आयर्न शेख. रिंगमध्ये हे दोघे एकमेकांचे कट्टर वैरी, आणि इथे एकाच गाडीत! गाडीत मादक पदार्थ सापडले हा गुन्हा होताच. पण वैरी म्हणून मिरवणारे मित्र निघाले, याचाही गवगवा झाला. दोघांना कंपनीने काढून टाकलं. पुढे १९८९ मध्ये त्याच कंपनीने न्यू जर्सीच्या सरकारपुढे कबूल केलं की आमचा खेळ म्हणजे करमणूक आहे. कारण काय, तर खेळ म्हटलं की कर आणि तपासण्या आल्या! खरं बोलायला माणसाला कधी कधी करवसुलीच लागते.

हा संशय आपल्याकडेही जुना. होडीतल्या म्हातारबांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमचं नाव काढलं. तिथे परदेशी मल्ल येत आणि दारासिंगांचं नाव मुंबईच्या घराघरांत होतं. १९६८ च्या २९ मे रोजी दारासिंगांनी मुंबईत लू थेझ या नामांकित अमेरिकन मल्लाला हरवलं. त्या काळच्या फ्रीस्टाइल कुस्त्या खऱ्या की नुरा, यावर चाळीच्या जिन्यात आणि गावच्या पारावर वाद झडत. दारासिंग २०१२ मध्ये गेले. वाद अजून गेलेला नाही.

म्हणून, ज्याने जन्मभर झाकून ठेवलं तो आता "खरं सांगतो" म्हणतो, तेव्हा ऐकणारा सावध होतो. आणि हे ऐकणारे काही भोळे नाहीत. त्यांनी जुन्या कुस्त्यांच्या फिती शंभरदा पाहिलेल्या असतात. फडाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांची नजर त्यांच्याकडे आहे.

याचा मोठा कस लागला २०१४ च्या नोव्हेंबरात. सीएम पंक हा आघाडीचा मल्ल त्या वर्षीच्या जानेवारीत डब्ल्यूडब्ल्यूई कंपनी सोडून गेला होता आणि गप्प होता. मग तो आपल्या जुन्या मित्राकडे, कबानाकडे, बोलायला बसला. कबानाने फार थोडे प्रश्न विचारले. त्याने मित्राला बोलू दिलं. पंक म्हणाला, पाठीवर गाठ आली होती, कंपनीच्या डॉक्टरांनी ती नीट पाहिली नाही, जिवावर बेतलं असतं. आणि कामावरून काढल्याचे कागद आले ते नेमके लग्नाच्या दिवशी. ऐकणारे हळहळले. कबानाच्या नावाचा बोलबाला झाला.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या डॉक्टरांनी दोघांवरही बदनामीचा दावा लावला. बोलला पाहुणा, पण यजमानही कोर्टात ओढला गेला. २०१८ च्या जूनमध्ये ज्यूरीने निकाल दिला तो या दोघांच्या बाजूने. जिंकले, तरी वकिलाचा खर्च कोणी सोसायचा यावरून हे दोघे जिवलग मित्र एकमेकांविरुद्धच कोर्टात गेले. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत होतं तसंच. २०१९ मध्ये तडजोड झाली, पण मैत्री ती मैत्री राहिली नाही. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात पंक पुन्हा त्याच कंपनीच्या रिंगमध्ये उतरला! काही चाहते म्हणाले, पोटासाठी माणूस जातो. काही म्हणाले, मग तेव्हाचं बोलणं किती तोलाचं होतं? मला विचाराल तर दुखणं सांगणारा परत कामाला गेला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. मळ्यातला गडी मालकाशी भांडतो आणि पुढच्या सुगीला पुन्हा येतो, हे आपण पाहिलेलं आहे.

दुसरा प्रसंग त्याच सुमाराचा. १ डिसेंबर २०१४ ला स्टीव्ह ऑस्टिनने कंपनीचे मालक विन्स मॅकमोहन यांचीच मुलाखत घेतली, तीही थेट. ऑस्टिन एकेकाळी याच मालकाकडे राबलेला. पंकच्या लग्नाच्या दिवसाचा विषय निघाला आणि मालकाने, तो योगायोग होता असं म्हणत, सगळ्यांसमक्ष माफी मागितली. कितीही नामांकित वार्ताहर समोर असता तरी मालक असा खाली वाकला असता का, शंका आहे. पैलवानाला पैलवानाची नस कळते. गुडघा कुठे दुखतो, पैसे कुठे अडकतात, हे त्याने भोगलेलं असतं. म्हणून त्याचा साधा प्रश्नही वर्मावर बसतो. याच गुणासाठी चाहते अशा यजमानाला डोक्यावर घेतात.

आणि त्याच कारणासाठी खालीही आपटतात. पाहुण्याच्या वाक्यात आपलंच घोडं दामटणारा, जुन्या दोस्ताला नुसता लोणी लावणारा, मालकाचं नाव निघालं की विषय बदलणारा यजमान त्यांना खपत नाही. दर थोड्या वेळाने गाद्यांची आणि औषधांची जाहिरात वाचणाऱ्यालाही ते कंटाळतात. सर्वांत कडक परीक्षा आठवणीची. एकच किस्सा गेल्या वर्षी एका तऱ्हेने सांगितला आणि यंदा दुसऱ्या तऱ्हेने, तर ते लगेच बोट ठेवतात.

अंडरटेकरचा प्रश्न याहून नाजूक आहे. खरं नाव मार्क कॅलवे, टेक्ससचा. १९९० च्या नोव्हेंबरात कंपनीत आला, २०२० च्या नोव्हेंबरात निरोप घेतला, आणि या सगळ्या काळात त्याने आपलं सोंग घराबाहेर फारसं उतरवलं नाही. २०२३ पासून त्याचा स्वतःचा मुलाखतीचा कार्यक्रम आहे. गडी बोलका निघाला, विनोदीही. काही चाहते खूश आहेत. काहींना वाटतं, रात्रभर दशावतार बघावा आणि पहाटे राजा रंग पुसून विडी ओढताना दिसावा, तसं झालं. मला दोघांचंही पटतं.

आपल्या मातीतली कुस्ती वेगळी, पण बोलण्याची निकड इथेही आली आहे. २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य कुस्तीत शिवराज राक्षेला पंचांनी चितपट ठरवलं. खांदे टेकलेच नाहीत, असं म्हणत त्याने वाद घातला आणि पंचांना लाथ मारली. तीन वर्षांची बंदी आली. गदा पृथ्वीराज मोहोळने पटकावली. मग गावोगावच्या तालमींत पोरं मोबाईलवर ती फीत थांबवून थांबवून बघू लागली. खांदा टेकला का, हे एकदा. आणि पैलवान मुलाखतीत सांगतो ते चित्राशी जुळतं का, हे पुन्हा. लाथेचं समर्थन कोणी करू नये. पण बोलण्याचा ताळा चित्राशी घ्यायची ही सवय मला आवडली.

एक खंत मात्र राहते. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंदकेसरी, २०२० मध्ये गेले. १९६० चे हिंदकेसरी गणपत आंदळकर त्याआधी दोन वर्षं. त्यांच्यासमोर त्यांच्याच तोडीचा एखादा मल्ल बसवून, "वस्ताद, त्या दिवशी हात का सुटला?" असं विचारायला लावलं असतं, तर आज ते किती तास ऐकत बसलो असतो!

होडी गोराईच्या धक्क्याला लागली. तरुण उठला, म्हणाला, "बाबा, अजून चाळीस मिनिटं उरलीय." म्हातारबांनी पिशवी खांद्याला लावली आणि त्याचा हात धरला.

"मग चल, बस इथे पायरीवर. इंग्रजीत आहे ना? तू ऐकत जा आणि मला मराठीत सांगत जा. आणि एक सांग, त्यात कुणी दारासिंगाचं नाव घेतो का?"